लाल गाडीचा धूर, पांढऱ्या गाडीचा हिशोब

२ मार्च, रविवार

एका माणसाला गाडी शिकवायला किती धूर लागतो? मला माहीत नाही. कॉलेजात तीन वर्षं पर्यावरणशास्त्र शिकले, तिथेही कोणी सांगितलं नाही. आणि आमचं सगळं घर ड्रायव्हिंग स्कूलवर चालतं. आई शिकवते, दादा गाड्या दुरुस्त ठेवतो, मी घरातली पहिली ग्रॅज्युएट.

आमच्या दोन गाड्यांपैकी करडी आता संपल्यात जमा आहे. गियर टाकला की आधी खोकते, मग विचार करते. महिनाअखेर तिच्या जागी दुसरी घ्यायची. आई म्हणाली, तू शिकलीस ना, मग कुठली घ्यायची ते तूच सांग. माझ्या डिग्रीला घरात पहिल्यांदाच काम मिळालं.

संकल्प: निर्णय आकड्यांवर घ्यायचा, आवडीवर नाही. (हायब्रिड घ्यायची. पण आधी आकडे.)

३ मार्च, सोमवार

पद्धत ठरली. हा आठवडा लाल गाडी, म्हणजे आपली साधी, पेट्रोलवरची. पुढचा आठवडा हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. टाकी काठोकाठ भरायची, आठवडाभर शिकवायचं, पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावलं तेवढं जळलं.

जेवताना सांगितलं की एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. आई म्हणाली, लिटरभर पेट्रोल किलोभरसुद्धा भरत नाही, मग दोन किलो धूर आला कुठून? म्हटलं, हवेतला ऑक्सिजन त्याला जाऊन मिळतो. आई म्हणाली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फीमध्ये आपण हवापण आपल्या पदरची घालतो!

मी स्वतः गाडी चालवत नाही. त्यामुळे माझं मत तटस्थ आहे.

६ मार्च, गुरुवार

आज मागच्या सीटवर बसून निरीक्षण केलं. शिकायला बेकरीवाल्या काकू होत्या. त्यांचा व्हॅनचा ड्रायव्हर वीस तारखेला नोकरी सोडून गावी जातोय. एकवीसपासून मुलींच्या होस्टेलचा सकाळचा ब्रेड काकूंनाच पोचवायचा आहे. एक दिवस जरी चुकला तरी ऑर्डर दुसऱ्या बेकरीला जाईल, असं वॉर्डनबाईंनी बजावलंय. बेकरीचा निम्मा धंदा ती एक ऑर्डर. काकूंची टेस्ट अठराला.

काकूंनी क्लच सोडला, गाडीने गचका दिला, बंद. पुन्हा सुरू, पुन्हा गचका. काकू म्हणाल्या, मॅडम, कणीक मळायला एवढा जोर लागत नाही हो. आई म्हणाली, जोर नका लावू, इंजिनाचा आवाज ऐका, आवाज सांगेल पाय कधी सोडायचा.

मी मात्र मागे बसून फक्त वाया जाणारं पेट्रोल मोजत होते. जीव तुटला.

९ मार्च, रविवार

लाल गाडीचा निकाल: लिटरला नऊ किलोमीटर. नऊ! दादा म्हणाला, शिकाऊ लोक चालवतात, थांबतात, बंद पाडतात, अजून काय होणार? मी म्हटलं, नेमकं तिथेच हायब्रिड जिंकते. गाडी थांबली की तिचं इंजिन आपोआप बंद होतं, हळू चालताना बॅटरीची मोटर ओढते, ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते. हायवेवर फायदा कमी, गर्दीत जास्त. आमच्या विद्यार्थ्यांसारखी गर्दी कुठे मिळणार?

दादा म्हणाला, मॅडम शास्त्रज्ञ, बरोबर आहे तुमचं. त्याचा सूर मला आवडला नाही.

१० मार्च, सोमवार

वापरलेल्या गाड्यांच्या शोरूमवाल्याने पांढरी हायब्रिड आठवडाभर ट्रायलला दिली. दादाने करड्या गाडीतून आईच्या बाजूची, म्हणजे शिकवणाऱ्यासाठीची जादा पेडलं काढली. ब्रेक पांढऱ्या गाडीत बसवला. मग क्लचचं पेडल हातात घेऊन माझ्यासमोर उभा. म्हणाला, हे कुठे लावू?

म्हटलं, माळ्यावर ठेव. जुनं तंत्रज्ञान आहे.

आई म्हणाली, अगं, हिला क्लचच नाही, गियरही नाहीत. काकूंची व्हॅन गियरची, टेस्ट गियरच्या गाडीवर. मी म्हटलं, आधी रस्ता यायला हवा, गियर काय, एका दिवसात येतात. आई म्हणाली, तू म्हणतेस तर असेल.

पुढच्या वर्षी शहरातल्या सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलना माझा अहवाल पाठवायचा.

१२ मार्च, बुधवार

काकू पांढऱ्या गाडीत बसल्या आणि निघाल्याच! ना गचका, ना घाम. सिग्नलला थांबल्यावर घाबरून म्हणाल्या, बंद पडली का हो? मी मागून सांगितलं, नाही काकू, तिचा स्वभावच शांत आहे, आवाज नसला तरी चालूच समजायची. तुम्ही नुसतं अॅक्सिलरेटर दाबा. दाबलं, गाडी चालली. काकू म्हणाल्या, पोरी, हे तू आधी का नाही सांगितलंस?

आई घरी येऊन पाय लांब करून बसली. म्हणाली, आठवडाभर क्लच दाबला नाही तर हा डावा गुडघा अगदी माहेरी राहून आल्यासारखा होईल. मी वहीत नवा रकाना आखला: गुडघा.

काकूंना उरलेले सगळे तास पांढऱ्या गाडीवर दिले. आत्मविश्वास महत्त्वाचा.

१४ मार्च, शुक्रवार

गाडीचं वजन कमी असेल तर पेट्रोल कमी लागतं, म्हणून डिकीतलं जादा चाक काढून ठेवलं. एसी बंद. याला लबाडी म्हणत नाहीत, योग्य वापर म्हणतात. लाल गाडीचा एसी आठवडाभर चालू होता ते खरं, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं. दादा म्हणाला, उद्या सीटही काढ आणि आईला पळत शिकवायला लाव.

१६ मार्च, रविवार

पांढऱ्या गाडीचा निकाल: लिटरला एकोणीस किलोमीटर! पेट्रोल निम्म्याहून कमी, धूर निम्म्याहून कमी. जेवताना सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

फक्त किमतीचा एक किरकोळ प्रश्न. ही गाडी गियरच्या गाडीपेक्षा महाग, आणि ती जादा किंमत पेट्रोलच्या बचतीतून भरून निघायला अकरा वर्षं लागतात. मग मी पेट्रोलचा भाव दरवर्षी वाढत जाईल असं धरलं. आठ वर्षं. आणखी थोडा वाढवला. साडेचार. इथे थांबले. अतिशयोक्ती करायची नाही.

आईने शोरूमला उद्या बयाणा द्यायचं कबूल केलं.

१७ मार्च, सोमवार

आई म्हणाली, बयाण्याचं परवा बघू, आज काकूंचा हात लाल गाडीवर बसवते. संध्याकाळी तासभर बसवला. मी गेले नाही, अहवालाची प्रस्तावना लिहीत होते. आई परत आली. विचारलं कसं झालं, तर म्हणाली, बघू. आईच्या बघूचे बरेच अर्थ होतात. मी चांगला धरला.

१८ मार्च, मंगळवार

टेस्ट. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होते, काकूंना धीर द्यायला.

निघताना लाल गाडीने एकच गचका दिला, मग वळण छान घेतलं. परीक्षकसाहेबांनी नेमकं माझ्यासमोर, कुंपणाजवळ थांबायला सांगितलं; काचा उघड्या होत्या, सगळं ऐकू येत होतं. काकूंनी ब्रेक दाबला, क्लच नाही. इंजिन बंद पडलं. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्या हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिल्या. साहेब म्हणाले, चला. काकूंनी हळुवार अॅक्सिलरेटर दाबलं. गाडी जागची हलेना. साहेब पुन्हा म्हणाले, चला. काकू म्हणाल्या, हो, चालूच आहे साहेब, तिचा स्वभावच शांत आहे.

साहेब म्हणाले, बाई, ही बंद आहे.

नापास. रिटेस्ट तीन आठवड्यांनी.

एक नोंद: त्या सगळ्या वेळात गाडीचा धूर शून्य होता. हे मी दादाला म्हणून दाखवलं. तो हसला नाही.

१९ मार्च, बुधवार

काकू सकाळी फी द्यायला आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तुझी गाडी चांगलीच होती गं, पण माझ्या व्हॅनला तसं वागता येत नाही. वॉर्डनबाईंना काय सांगू ते कळत नाहीये, ड्रायव्हर उद्या जातोय.

मी म्हटलं, काहीतरी मार्ग निघेल. त्या गेल्यावर दादा माळ्यावर चढला आणि क्लचचं पेडल खाली आणलं. पुसत बसला.

माझे आकडे चुकले नव्हते, हे मी अजूनही म्हणते. पण त्यांत काकूंचा डावा पाय कुठेच नव्हता.

२१ मार्च, शुक्रवार, सकाळ

होस्टेलचा ब्रेड आज वेळेवर पोचला. काकूंच्या बेकरीमागे त्यांच्या मुलाची सायकल पडून होती, ती मी घेतली. एका फेरीत होईल असा हिशोब केला होता. तीन लागल्या. शेवटच्या चढावर उतरून ढकलली. वॉर्डनबाई म्हणाल्या, ब्रेड एका बाजूने चेपलाय. म्हटलं, उद्या दुसऱ्या बाजूने बांधते.

आल्यावर कळलं, आईने शोरूमला फोन करून गियरची गाडी सांगून टाकली. मला विचारलं नाही. आज तिने डाव्या गुडघ्याला पट्टा बांधला आहे.

मग तिने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, रिटेस्टपर्यंत रोज जाशील? नीट विचार कर, तुला सवय नाही. मी पाय चोळत म्हटलं, काल संध्याकाळीच काकूंना हो सांगून आलेय.