घाटी चढणारी मोटर

बाबा, तुमच्या स्कूटरचं इंजिन मी काढून भंगारात दिलं. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं ती गॅरेजात ताडपत्रीखाली उभी होती. पत्र्याचा सांगाडा तेवढा ठेवला आहे. आता ती विजेवर चालते आणि आई चालवते. तुम्ही असता तर यातलं काहीच झालं नसतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

मालवणच्या बाजारातून आपल्या घराकडे येणारी घाटी तुम्हाला आठवत असेल. आईला ती गुडघ्यांत आठवते. मासळी आणि नारळ घेऊन ती चढायची आणि तुम्ही शेजारून स्कूटरने वर जायचात, मागच्या सीटवर कुठल्यातरी होडीच्या इंजिनाचा पंखा दोरीने बांधलेला. मलाही शिकवा, असं तिने एकदा गॅरेजात येऊन म्हटलं. "तुका खंय जावचा आसा? बाजार हाकेर तर आसा," म्हणून तुम्ही हसलात, मग होडीचं इंजिन दुरुस्तीला घेऊन आलेले रापणकर मच्छीमारही हसले. त्याच गॅरेजातलं अजून डोळ्यांपुढे आहे: मी शाळकरी, खंडेनवमीला तुमचे पाने-पकडी रॉकेलने घासते आहे, ओळीने मांडते आहे, हळदकुंकू लावते आहे. दुसऱ्या दिवशी त्यातला एक पाना उचलते तर मागून तुमचा आवाज येतो, "चेडवान पान्याक हात लावूचो नाय." पूजेपुरता मुलीचा हात चालत होता.

आईने अट घातली होती. "घाटी एकदाच चढतलंय. अर्ध्यार बंद पडली तर परत नाव काढू नको." त्यामुळे मोटर निवडायला मी वेळ घेतला. चाकातच बसणारी मोटर सोपी. बाहेर काही फिरत नाही, खारी हवाही कमी लागते. पण असा चढ, वर ओझं, सावकाश चाल, यात ती तापते आणि थांबते. म्हणून साखळीने चाक फिरवणारी घेतली. वेग कमी, जोर जास्त. साखळी गंजेल, तिला तेल घालत राहीन. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. जड आहे, जागा खाते, पण आपल्याकडच्या उन्हात भरवशाची. ती मागच्या सीटच्या जागी बसवली. सीट कापून टाकली.

मैदानावर शिकून झाल्यावर परवा आई बाजारातून निघाली. मी घाटीच्या पायथ्याशी उभी होते. वळणावर स्कूटर मंदावली, तेव्हा मी जळक्या वायरचा वास शोधत होते. आला नाही. ती वर पोचली, दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळाने वळून परत खाली आली, माझ्यासाठी. "चल गो, बस मागे. तू कित्याक चालतंस?" मग मान वळवून तिने बॅटरीच्या पेटीकडे पाहिलं. "ऱ्हवांदे तर," म्हणाली, आणि एकटीच वर गेली. मी तिच्या मागून चालत घाटी चढले.

विचारणाऱ्यांना मी सांगते की पाय ठेवायच्या फळीखाली बॅटरीला जागा नव्हती. जागा होती. मी मोजली होती. तिथे खाली बसवली असती तर चढावर तोलही चांगला राहिला असता. मला फक्त ती सीट नको होती, जिच्यावर पंखा बसून वर जायचा आणि आई चालायची. हे आईला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही. हा कागद कुठे जाणार नाही, आणि तुम्ही तरी कोणाला सांगणार.