साय

३ तारीख, सोमवार

आज नोकरीवर रुजू झाले आणि खोलीही मनासारखी मिळाली. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, त्यात विहीर आणि विहिरीला जवळजवळ खेटून मैल्याच्या टाकीचं झाकण. माझी नजर आधी झाकणावर गेली. सवय, दुसरं काय. मी टाक्या तपासते म्हटलं की लोक पुढे केलेला हात मागे घेतात. घरमालकीण काकूंनी उलट पाठीवर हात ठेवला. आपल्या टाकीला बावीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही, असं त्यांनी वर्गात पहिल्या आलेल्या लेकीबद्दल सांगावं तसं सांगितलं. मुलगा परगावी असतो. सुनेला आठवा महिना आहे. मी तिला वहिनी म्हणायला लागले. कचेरीतले मुकादम म्हणाले, बाई, काळजी करू नका, गाव पोटभर जेवतं, तुम्हाला काम कमी पडणार नाही.

घरच्या विहिरीचं पाणी फार गोड आहे. तीन पेले प्यायले.

५ तारीख, बुधवार

पहिलं काम गल्लीच्या टोकाच्या घरी. मोरीतून गुडगुड आवाज, संडासाचं पाणी उलटं चढतं. लांब काठीला पांढरा जुना टॉवेल गुंडाळून टाकीत सोडली. बाबांनी आम्हा बहिणींना बेरीज-वजाबाकी याच काठीवर शिकवली. शाळेत नाव नंतर घातलं. काठी वर काढली की टॉवेलवर तीन पट्टे दिसतात. तळाचा गाळ, मधलं पाणी आणि वर तरंगणारा चरबीचा थर. त्या थराला बाबा साय म्हणतात. त्यामुळे दुधावरची साय मी जन्मात खाल्लेली नाही.

इथे साय वीतभर होती आणि पुढच्या नळीत चरबी, केस आणि चिंध्या यांचा दंडाएवढा बोळा अडकला होता. उपसला तेव्हा तो हातात थरथरला. घरी येऊन दोनदा आंघोळ केली, तरी नखांना वास येतोच आहे. येऊ दे. बाबांचा दुसरा धडा तोच: वास येतोय तोवर घाबरू नकोस, येईनासा झाला की बाहेर पळ. टाकीतला वायू आधी नाक मारतो, मग माणूस.

८ तारीख, शनिवार

राहवेना म्हणून काकूंची टाकी उघडली. काठी जशी गेली तशीच पांढरीशुभ्र वर आली. गाळ नाही, साय नाही. तीन बायकांचं सगळं त्या टाकीत जातं. मग ते जातं कुठे? टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा तर ठणठणीत कोरडा.

काकूंनी हसण्यावारी नेलं. सकाळी पिण्याच्या पाण्याच्या पातेल्यावर सुरकुतलेला पापुद्रा येतो, तो चमच्याने काढून त्या वहिनीसाठी वाटीत ठेवतात. आजवर मला ते दूध वाटत होतं.

संडासात हिरवा रंग ओतलाय. गळती असेल तिथे तो उमटेल.

९ तारीख, रविवार

माझा चहा हिरवट होता.

वहिनी सकाळी माझ्याकडे बघून हसली. हिरड्या हिरव्या. मी मोरीत जाऊन घशात बोटं घातली, पित्त पडेपर्यंत ओकले. पित्त नव्हतं ते, मी ओतलेल्या रंगाचं हिरवं होतं.

काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्यांना किळस आली नाही, हेच मला सहन होईना. माझे केस सारखे करत म्हणाल्या, “अगं, घरातलं घरात राहतं. त्यात वाईट काय?”

११ तारीख, मंगळवार

मुकादमांना बोलावून टाकी रिकामी केली. विहिरीकडच्या भिंतीला हातभर भेग, कडा चाटून चाटून गुळगुळीत झाल्यासारख्या. भेग सिमेंटने बुजवली. त्यात माझ्या अनामिकेला कापलं, पट्टी बांधली. विहिरीवर लाकडी झाकण खिळ्यांनी ठोकलं, पिण्याला बाहेरचे कॅन लावले.

वहिनीने मला आत बोलावलं. लग्न होऊन आली तेव्हा तिलाही या पाण्याने उलट्या व्हायच्या. मग थांबल्या, मग दुसरं पाणी घशाखाली उतरेना. वीस तारखेला भाऊ माहेरी न्यायला येतोय. “तोवर मी कितीही रडले तरी मला ते पाणी, ती साय देऊ नका, बाळ तसं जन्माला नको,” म्हणाली. तिच्या पोटावर हात ठेवून मी शब्द दिला.

१४ तारीख, शुक्रवार

टाकी आता टाकीसारखी वागतेय. बोटभर साय धरली. दुरुस्ती पक्की आहे, तसं अहवालात लिहिलं.

कॅनचं पाणी पत्र्यासारखं लागतं. काकूंचे ओठ फाटलेत. वहिनी घोटभर पिते आणि ओकते. मला भूक नाही. म्हणजे, आहे.

१७ तारीख, सोमवार

टाकीचं झाकण सरकलेलं. सायीवर चार बोटं फिरवल्याच्या रेघा, पातेलं पुसून खावं तशा. काकूंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. झाकणावर दगड ठेवला.

वहिनी दिवसभर रडली. मी दिलं नाही. तिच्याजवळ बसून मीही—

१८ तारीख, मंगळवार

दगड बाजूला. पुन्हा रेघा, ताज्या. एका रेघेच्या शेवटी पट्टीचा तुकडा चिकटलेला.

काकूंच्या बोटाला पट्टी नाही.

माझ्याही नाही आता.

तीनदा दात घासले. ब्रश तुपकट. चव जात नाही. जाऊ नये असं वाटतं— हे खोडायला हवं.

१९ तारीख, बुधवार

भाऊ उद्या येणार. एकच दिवस. मी शब्द दिलाय.

दुपार. फक्त जाडी मोजायला आलेय. वही मांडीवर आहे, काठी आत. टॉवेल काढला— चार बोटं साय, जाड, पिवळसर, ऊन लागून कोमट—

वास येत नाही.

बाबा म्हणायचे, येईनासा झाला की—

वहिनी अंगणात आलीय. रडत नाही. एकच वाटी आणलीय तिने. मी तिला म्हटलं, अजून एक आ