उपासाचं केळं

११ ऑगस्ट १९५६, शनिवार
पुन्हा वीट! परवा जीवराम नानांची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळली तर हिरवट रंग आला होता, म्हणजे साखर थोडी. आज विटेसारखा लाल, म्हणजे भरमसाट! दोन दिवसांत असं काय झालं? नाना शपथेवर सांगतात, ‘बाई, आज तं पोटात अन्नाचा कण नई. उपास हाये.’ गूळ बंद, चहा बिनसाखरेचा. मग साखर येते कुठून?

१२ ऑगस्ट
डोक्यातून जात नाही. नानांच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरत नाहीये. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय भुसावळला कापला, तोही असाच अंगठ्यापासून चिघळत गेला होता. आमचे दवाखान्यातले डॉक्टर स्पष्ट म्हणाले, ‘साखर उतरवा, नाहीतर पायाचं काही खरं नाही.’ मी नुसती नर्स. उतरवू कशी?

१३ ऑगस्ट, सोमवार
वीट. आजही उपास!

१४ ऑगस्ट
तारखा मांडून बसले. सोमवारी वीट, शनिवारी वीट. बाकीचे दिवस हिरवट, फार तर पिवळं. म्हणजे ज्या दिवशी माणूस उपाशी, त्याच दिवशी साखर! असं कुठे शिकवलं नव्हतं बाई मला.

१८ ऑगस्ट, शनिवार
आज न सांगता नानांच्या घरी जाऊन बसले. सकाळी साबुदाण्याची खिचडी. मग उकडलेली रताळी. दुपारी मळ्यातून केळीची फणी आली — आठ केळी खाल्ली माझ्यासमोर!
‘नाना, हे काय?’
‘उपासाचं केळं.’
‘आणि अन्नाचा कण नाही म्हणालात ते?’
‘हे कुठं अन्न हाये? फराळ हाये हा!’
खोटं बोलत नव्हते हो! गाढव मीच. रोज भाकरी-भाजीची चौकशी केली, फराळाचं विचारायचं सुचलंच नाही. धुरपदाबाईही तेच खात होत्या. भावाचा पाय गेल्यापासून, नानांचा तरी वाचावा म्हणून दोघं नवराबायको दोन वर्षं जोडीनं उपास धरतायत.

२० ऑगस्ट, सोमवार
कडाक्याचं भांडण. नाना म्हणतात, ‘महादेवाच्या नावानं खाल्लेलं बाधत नई.’ म्हटलं, नळीलाच विचारू! पुढच्या सोमवारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मेथी, ताक — बस. नाना हटून बसले. शेवटी धुरपदाबाई म्हणाल्या, ‘तुमच्या वाट्याचे उपास मी धरीन. तुम्ही जेवा.’ तेव्हा कुठे मान हलवली.

२७ ऑगस्ट
सोमवार आणि हिरवट! नाचावंसं वाटलं. नाना नळी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होते.

३ सप्टेंबर, सोमवार
नानांचं निळं! स्वच्छ निळं, साखर नाहीच! जखमही कडेनं सुकतेय. धुरपदाबाईंना काय आनंद — ‘माह्यंही पाहा ना बाई, मले काय धाड भरली!’ म्हणून हसत हसत बाटली आणून दिली. मीही हसत उकळली.
वीट.
नानांनीच नळी माझ्या हातातून घेतली, बायकोकडे पाहिलं. म्हणाले, ‘रडू नको. पुढच्या सोमवारपासून तुह्यासाठी मी धरतो.’