आखूड बंदुकीच्या वर्तुळात

सोनपेठ,
भर दुपार

प्रिय मल्हारीदादा,

तुला जाऊन दहा महिने होत आले. गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? पण काल तुझ्या नावाचं पाकीट माझ्या हातात आलं आणि त्यातलं तुला कळवल्याशिवाय मला घास जाईना.

पत्र पीटरचं आहे. तुझा तो ऑस्ट्रेलियाचा वायरलेसवाला दोस्त, कंबोडियात शांतिसेनेत तुमच्या पलटणीबरोबर असायचा तो. तू गेलास हे त्याला माहीतच नाही! आधी पाकीट आपल्या घरी, बोरीला गेलं. नामांतराच्या बंदोबस्तात गाड्या बंद होत्या, म्हणून वाटेत आठ-दहा दिवस परभणीतच पडून राहिलं असेल. मायला वाटलं, सरकारी कागद असावा. तिनं बाजाराला येणाऱ्या मामाच्या हाती ते इकडं माझ्या सासरी पाठवून दिलं. मी उघडलं तर सगळं इंग्रजी. हायस्कूलच्या सरांकडं घेऊन गेले.

सर वाचून मला मराठीत सांगत होते. अर्ध्यातच थांबले. चष्मा काढून म्हणाले, "कौसाबाई, तुमच्या भावाला काही दिसायचं का हो? म्हणजे, इतरांना न दिसणारं?"

मी म्हणाले, सर, आधी पुढं वाचा.

मागच्या वर्षी तू सुट्टीवर आलास ते आठवतं? उन्हाळा नुकता लागत होता, मी अजून माहेरीच होते. तुझ्या डाव्या गालावर बोटाच्या टोकाएवढा काळा डाग होता. मायनं तो दहादा चाचपला. "हे काय रं? कुनी डागलं तुला?"

"बंदुकीनं मुका घेतलाय," तू म्हणालास. सगळे हसले.

मग तू मेंढवाड्यापुढं आम्हाला बंदुका दाखवल्यास. एका हातात आबाची लांब काठी, दुसऱ्या हातात बाभळीचा तासलेला ठोकळा. काठी म्हणजे तुमची एसएलआर, पावणेचार फुटांची. ठोकळा म्हणजे पीटरची, अडीच फुटांची. तिला बुलपप म्हणतात, हेही तूच सांगितलंस. मामाला तो शब्द काही केल्या म्हणता येईना!

"हिची नळी बारकी न्हाई बरं का," तू सांगत होतास. "नळी जवळजवळ तेवढीच. आपल्या बंदुकीत घोड्याच्या मागं खांद्यापतुर नुसतं लाकूड. ह्यांनी सगळं यंत्र त्या लाकडाच्या जागी बसवलंय. म्हनून आखूड."

"मग तीच चांगली की," मी म्हणाले.

"जीपमदनं उतरताना, झाडीत शिरताना लय चांगली. पन मॅगझिन बदलायचं तर काखेत चाचपावं लागतंय. आन घोडा पुढं, यंत्र मागं, मदी लांब सळई. एसएलआरचा घोडा कवा सुटतोय ते माज्या बोटाला मालूम हाय. हिचा घोडा दाबला की, दुसऱ्याच कुनीतरी दाबल्यागत वाटतंय."

आणि गालावरचा डाग? तू डावखुरा. बंदूक डाव्या खांद्याला लावणारा. एसएलआरमधलं रिकामं काडतूस तोंडाच्या पुढून उडून जातं, त्याचा तुला कधी त्रास झाला नाही. आखूड बंदुकीत ते गालाला लागूनच उडतं. पीटरच्या बंदुकीला दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या, पण डावीकडची झाकलेली. आतला बोल्ट बदलल्याशिवाय डावखुऱ्यानं तिला हात लावू नये, असं तू मामाला बजावून सांगितलंस. जसा काही मामा उद्याच लढाईला निघाला होता!

सगळ्यांना तू एवढंच सांगितलंस. उरलेलं दोन दिवसांनी माळावर सांगितलंस, मला एकटीला.

दुपार टळटळीत होती. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. तू हातातली काठी खाली ठेवलीस. मग म्हणालास, "कौसे, मला आबा दिसला."

आबाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. याच माळावर ऊन लागून गेला. तुला सुट्टी मिळाली नाही, तुझ्या हातचं पाणीही बापाला मिळालं नाही. तू भरती झालास ते त्याला कधीच आवडलं नव्हतं. परभणीच्या ठेसनावर तुला सोडायला आला, तेव्हा गाडी हलेपर्यंत बोलला नाही. हलल्यावर खिडकीला धरून चालत एवढंच म्हणाला, "कुनावर रोखशील तवा आदी नीट बगून घे." तुमचं शेवटचं बोलणं तेच.

"कुठं दिसला?" मी विचारलं.

"तिकडं. पीटरच्या बंदुकीतनं."

तुम्ही त्यांच्या चांदमारीच्या मैदानावर गेला होतात. पाहुणा म्हणून पहिली गोळी तुला दिली. सवयीनं तू बंदूक डाव्या खांद्याला लावलीस. गोळी आभाळात गेली आणि तापलेलं काडतूस गालावर बसलं. गोरे पोट धरून हसले. पीटर म्हणाला, उजव्या खांद्याला लाव. तू लावलीस. त्या बंदुकीवर बारकी दुर्बीण असते आणि दुर्बिणीत एक काळं वर्तुळ. निशाण त्या वर्तुळात धरायचं.

"वर्तुळात आबा व्हता," तू म्हणालास. "चौथ्या निशाणाला लागून, भाताच्या बांधावर. खांद्यावर घोंगडं. गुडघ्यापतुर चिखल. असा हात वर केलेला. मी वरडलो, थांबा! समदे थांबले. सायबानं मोठ्या दुर्बिणीतनं बगितलं, कुनी न्हाई. मग आपली एसएलआर उचलून तिच्यावरनं बगितलं, तरी कुनी न्हाई. परत पीटरची उचलली, तर आबा तिथंच. हात वर."

त्या संध्याकाळी तुला हुडहुडी भरून आली होती, हेही तू सांगितलंस. त्याच वेळी मी शहाणपणा करून म्हणायला हवं होतं, की तो ताप होता, दुसरं काही नाही. मी काय केलं? हसले. आणि हसता हसता बोलून गेले, "म्हनून का आबाचं घोंगडं वलं झालतं!"

का बोलले मी ते? थट्टाच होती रे. पण खोटं नव्हतं. त्याच थंडीत एका सकाळी मायनं मला बडवलं होतं. आबाचं घोंगडं ती कुणाला अंगावर घेऊ देत नाही, खुंटीला असतं. ते खालून हातभर ओलं निघालं, चिखलानं भरलेलं. आपल्या काळ्या मातीचा वास मला ओळखता येतो, दादा. तो वास तिचा नव्हता. मायला वाटलं मीच नदीवर नेलं. मी शपथा घेतल्या, तिनं ऐकलं नाही.

हे ऐकल्यावर तुझा चेहरा कसा झाला होता! पांढरा. तू अंगठा आणि बोट जुळवून वर्तुळ केलंस, त्यातून माळाच्या चढाकडं बघितलंस आणि हळूच म्हणालास, "आलाय बग. जवळ आलाय. हात वर करून बोलवायलाय."

मी चढाकडं बघितलं. उघडा माळ, दुसरं काही नाही. पण मागं खसपस झाली म्हणून वळले, तर सगळ्या मेंढरांनी डोकी वर काढली होती. एकूण एक मेंढरू चढाकडं तोंड करून उभं. ओरडत नव्हती, हलत नव्हती. भर दुपारी मेंढरं अशी उभी राहिलेली मी जन्मात बघितली नाहीत.

किती वेळ गेला कोण जाणे. मग एकेकानं परत डोकं खाली घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला डोणीपाशी बघितलं. मलेरियाच्या गोळ्या तुला घरी आल्यावरही महिनाभर रोज घ्यायच्या होत्या, मायला तूच पाकीट दाखवलं होतंस. तू पाकिटातून गोळी काढलीस आणि मेंढरांच्या पाण्यात टाकलीस.

"दादा, काय करायलास?"

"बोलावणं आलंय, कौसे. बा जिता असताना त्याचं ऐकलं न्हाई. आता तरी ऐकू दे." मग माझा हात धरलास. "मायला सांगशील तर माजं मेलेलं तोंड बगशील."

मी सांगितलं नाही. आणि तुझं मेलेलं तोंड बघितलं.

अशी कसली शपथ घातलीस रे? पाळली तरी तेच, मोडली तरी तेच! मी तेव्हा रागावून ती डोणच उलटी करायला हवी होती, मामाला हाक मारायला हवी होती. मी आपली रोज सकाळी डोणीतलं पाणी बदलत राहिले, मेंढरांना काही होऊ नये म्हणून. मेंढरांची फिकर केली मी.

तिसऱ्या आठवड्यात ताप चढला. परभणीला दवाखान्यात नेईपर्यंत तू आम्हाला ओळखेनासा झाला होतास. मेंदूचा मलेरिया, डॉक्टर म्हणाले. त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?" माय म्हणाली, "व्हय की, रोज घेतोय." मी फरशीकडं बघत राहिले. तू खाटेवर उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्यानं भिंतीकडं नेम धरत होतास आणि म्हणत होतास, "आलो आबा. आलो." दुपारी तीनच्या सुमारास गेलास.

आता पीटरनं काय लिहिलंय ते ऐक. सरांकडून मी दोनदा वाचून घेतलं, चूक नको म्हणून.

तो लिहितो, की त्या दिवशी तू हात वर केलास आणि गोळीबार थांबला. साहेब चिडला. तुमचा ट्रक आला आणि तुम्ही निघून गेलात. त्यांनीही आवरायला घेतलं. पीटर निशाणं काढायला पुढं गेला. चौथ्या निशाणामागं, बांधाच्या पलीकडं, एक म्हातारा शेतकरी तोंडावर फडकं घेऊन आडवा झोपला होता. गाढ. पायांना चिखल, शेजारी त्याच्या दोन गाई. गोळ्या चालू राहिल्या असत्या तर तो कधीच उठला नसता. बांध मातीचा, त्यातही पावसानं खचलेला.

पीटर तसाच माघारी पळत आला. तू जिथं आडवा पडला होतास तिथंच आडवा पडला आणि त्याच बंदुकीतून बघत राहिला. गवत दिसलं, बांध दिसला. म्हातारा दिसला नाही. दिसणं शक्यच नव्हतं, असं त्यानं लिहिलंय. "तू काय बघितलंस? मला झोप लागत नाही, एवढं एकदा कळव." चारच दिवसांत त्याची बदली झाली, तुझा पत्ता मिळवायला त्याला वर्ष लागलं.

कळलं का तुला, दादा? आबा तुला न्यायला आलाच नव्हता! कळप रस्त्यावर जाऊ लागला की तो हात कसा वर करायचा? आपण दोघांनी लहानपणापासून बघितलाय तो हात. तो थांबवायचा हात होता रे, बोलवायचा नव्हता. तू उलटं वाचलंस. आणि ओल्या घोंगड्याची थट्टा करून तुला उलटं वाचायला मीच लावलं.

मग माळावर तो परत कशाला आला होता? काल रात्रीपासून मी याच एका गोष्टीवर अडून आहे. तिथं गोळी सोडू नको म्हणून उभा राहिला. इथं गोळी टाकू नको म्हणून आला असेल का? जवळ आला तो यासाठीच का? मेंढरांना त्याचा हात कळला, ती जागच्या जागी थांबली. तुला कळला नाही, आणि मला तर तो दिसलाच नाही.

रागावते मी तुझ्यावर. एवढी बारीक नजर तुझी, बंदुकीचा खिळा न् खिळा सांगणारा तू. आपल्याच बापाचा हात तुला वाचता आला नाही? पण एक सांगते. परमुलखात कुठंतरी एक म्हातारा आज गाई चारत असेल. त्याला तुझं नाव माहीत नाही. तो तुझ्यामुळं आहे. हे तुला जिवंतपणी कळायला हवं होतं. कळलं असतं तर तू गोळ्या घेतल्या असत्यास, मला खात्री आहे.

पीटरला मी उत्तर लिहिणार आहे. सर इंग्रजी करून देतो म्हणाले. तू गेलास हे सांगीन, आणि तू कुणाला बघितलंस हेही. त्याला झोप लागेल की उरलीसुरली उडेल, देव जाणे.

पण त्याच्या आधी माय. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरगा औषधं वेळेवर घेत होता, दैवानंच नेला. उद्या सकाळच्या गाडीनं मी परभणीला जाते, तिथून बोरीला. तिच्यापुढं बसून सगळं सांगणार आहे. आबाचं, म्हाताऱ्याचं, डोणीचं. आणि मला माहीत होतं, हेही. ती मला बडवेल, हाकलून देईल, कदाचित पुन्हा तोंड बघणार नाही. हाकललं तर उंबऱ्याबाहेर बसून राहीन, दिवस गेले तरी. पण सांगितल्याशिवाय माघारी फिरायची नाही. हा माझा शब्द.

तुझी,
कौसा