साहेबांसाठी कोमट पाणी

३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी चारला पोचले. वहिनीने दारातच माझी पिशवी हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, या वन्सं, एवढंसंच सामान? दोन दिवसांत पळायचा बेत दिसतोय. हल्ली कोणी वन्सं म्हणत नाही. ती मला चिडवायला लग्नापासून म्हणते. मी हसले, तीही हसली. दादा गेल्याला सात आठवडे झाले. तेव्हापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र हसलो.

महिनाभराची रजा टाकून आले आहे. वहिनीला एकटं ठेवायचं नाही, एवढंच माझं काम. औषधांच्या गोदामात मी फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा नोंदवहीत लिहिते. इथे ती वही नाही, म्हणून ही रोजनिशी. काहीतरी लिहिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

घर लहान पण नीटनेटकं आहे. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि न्हाणीघरात चक्क टब. तो आधीच्या भाडेकऱ्याने बसवलेला. दादा त्यात फक्त चादरी भिजवायचा. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून माशांची लांबलचक टाकी आहे. तिच्यात एक मोठा मासा, तळहाताएवढा, काळसर, अंगावर तांबूस डाग. त्याचं नाव साहेब, कारण खाणं आल्याशिवाय तोंड दाखवत नाही आणि खाऊन झालं की पाठ फिरवतो. बाकी सहा बोटभर लांबीचे, रुपेरी, कायम घोळक्याने फिरणारे आणि कायम घाबरलेले. ते कारकून. नावं दादाने ठेवली. पाणी सत्तावीस अंश.

वहिनी सांगत होती, दादा कामावरून आला की बूटही न काढता दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घालायचा. दिवसभर शीतगृहात काढल्यावर बोटं वळायची नाहीत. आधी टाकी आणि मग मी, सवत आहे मेली, असं म्हणून तिने काचेवर टिचकी मारली.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी खिडक्या पुसल्या, दादाचे कपडे कपाटातून काढून परत तसेच ठेवले. वहिनी म्हणाली, राहू दे, त्यांना काय खायला लागतंय.

संध्याकाळी दादाबद्दल बोलणं झालं. शीतगृहाचं यंत्र दुरुस्त करायला तो आत गेला, मागे दार लागलं, आणि आतली कडी बर्फाने धरली होती. सुट्टीचा दिवस, बाहेर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा हात काखेत घालून बसलेला होता. एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की वहिनीला त्याच्याजवळ बसू दिलं तेव्हा ती त्याचे हात चोळत राहिली. लोक म्हणाले, पुरे आता. तिचं म्हणणं, त्यांनी घाई केली, हात गरम व्हायला आले होते.

अशा वेळी मला बोलता येत नाही. उठून भांडी घासली.

माशांना खाणं ती लांब चिमट्याने देते. दादा गेल्यापासून तिने पाण्यात हात घातलेला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

आज माझ्या हातून मोठी चूक झाली.

पहाटे वीज गेली होती. परत आली ती दणक्याने, आणि टाकीचा हीटर जळाला. सकाळी पाणी एकोणीस अंशांवर होतं. साहेब तळाला, कारकून एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेले. वहिनी घाबरली. मी म्हटलं, थांब, आणि पातेलंभर गरम पाणी आणून काचेच्या कडेने ओतलं. गार काचेवर गरम पाणी ओतू नये, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. नख मोडल्यासारखा टक् असा आवाज झाला. खालच्या कोपऱ्यातून वर हातभर तडा गेला आणि लाकडी स्टँडवरून पाणी ओघळायला लागलं.

पुढचे दोन तास बोलायलाही फुरसत नव्हती. दादाने वहिनीला शिकवून ठेवलं होतं, की मासे नव्या पाण्यात टाकायचे नाहीत, त्यांचं जुनं पाणी त्यांच्याबरोबर गेलं पाहिजे. मी नळी तोंडाने ओढून पाणी बादल्यांत उतरवलं, वहिनीने बादल्या टबात रिकाम्या केल्या. बादल्या कमी पडल्या तेव्हा पातेली घेतली. शेवटी कारकून गाळणीने उचलले. साहेब कशातच मावेना. वहिनीने डोळे मिटले, दोन्ही हात पाण्यात घातले आणि त्याला तान्ह्या पोरासारखं उचलून टबात नेलं. फिल्टर तिकडे जोडला. टाकी रिकामी झाल्यावर तडा केसाएवढा बारीक दिसत होता.

दुपारी माशांच्या दुकानाचा मालक आला. दादाचा जुना ओळखीचा. तड्यावर बोट फिरवून म्हणाला, हिला आता रामराम. नवी टाकी आणि हीटर पुढच्या शनिवारी. तोवर टबात हीटर लावू नका, चुकून हात घालाल आणि माशांच्या आधी तुम्हीच जाल. वरून गरम पाणी ओतू नका (इथे माझ्याकडे पाहिलं). गरम पाण्याच्या बंद बाटल्या सोडा. नाहीच भागलं तर दोघींपैकी एकीने आत बसा, माणसासारखा हीटर नाही, वायरही लागत नाही. स्वतःच्याच विनोदावर खूप हसला.

९ डिसेंबर, सोमवार

बाटल्यांचा उपयोग नाही. न्हाणीघर बारा अंशांवर, बाटली पंधरा मिनिटांत गार होते. काल दिवसभर पाणी एकवीसच्या वर गेलं नाही. एक कारकून मेला.

दुपारी वहिनी टबाच्या काठावर स्टूल घेऊन बसली होती, बाह्या वर करून, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. मी म्हटलं, तो माणूस गंमत करत होता. ती म्हणाली, थर्मामीटर बघा की वन्सं. पंचवीस होतं. मी काच पुसून पुन्हा पाहिलं. पंचवीसच.

दोन हातांनी टबभर पाणी चार अंशांनी तापत नाही. हे मला माहीत आहे. पण मासे पोहायला लागले होते, आणि टाकी माझ्यामुळे फुटली होती. मी तिला उठवलं नाही. ती जेवायला उठली तेव्हा पाळी म्हणून अर्धा तास मी हात घातला. पाणी छान कोमट होतं. बाहेर काढला तेव्हा हात पांढराफटक पडला होता आणि पेन धरता येईना.

११ डिसेंबर, बुधवार

पाणी एकोणतीस. बाटल्या बंद केल्या आहेत.

वहिनीचे हात गार लागतात. चहाचा कप देताना बोटांना बोटं लागली आणि मी दचकले. गोदामातून आणलेला थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला. ३५.६. म्हणाली, तुम्ही मला फ्रिजच समजा, दिवसातून दोनदा लिहा. लिहिते आहे.

आज मी पाळी घेतली नाही. तिनेही घेऊ दिली नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

पाणी ३१. वहिनी ३५.१. राहिलेले पाचही कारकून सकाळी वर तरंगत होते. उकाड्याने मेले असणार. साहेब नळाखालच्या कोपऱ्यात, भिंतीला घासून उभा.

डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा आणि दुःख, म्हणाले. पांघरूण, गरम पेयं, विश्रांती. मी टबाबद्दल सांगितलं. त्यांनी माझी नाडी पाहिली.

तिला झोपवून बाजारात गेले. वीस मिनिटं. परत आले तर ती टबात बसलेली, लुगडं अंगाला चिकटलेलं, हनुवटीपर्यंत पाणी. मी ओढून बाहेर काढलं. अंगावर शहारे, ओठ निळे, आणि चेहरा इतका समाधानी की मी रागवायचं विसरले. ती हळूच म्हणाली, वन्सं, कुडकुडणं कमी झालंय.

मला वाटलं तिचं. मी म्हटलं, होईल कमी, कोरडी हो आधी.

ती म्हणाली, माझं नाही हो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

न्हाणीघराला बाहेरून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. वहिनी भांडली नाही. दाराला पाठ लावून खाली बसली, दिवसभर. हात नुसता दारावर. ओला नाही. तरी पाणी—

पाणी ३३. वहिनी ३४.६.

कान लावून ऐकलं. फिल्टरची घरघर. आणि दात वाजल्यासारखं काहीतरी. फिल्टर बंद करून पुन्हा ऐकलं. एक वाजत नव्हतं. दुसरं वाजत होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

नवी टाकी आली. दुकानाच्या मालकाने हीटर बसवला, दुपारपर्यंत पाणी सत्तावीस केलं. साहेबाला न्यायला न्हाणीघरात शिरला, टबात हात घातला आणि त्याची बडबड थांबली. मला विचारलं, किती अंश आहे हे? चौतीस, मी म्हटलं. म्हणाला, ताई, यात मासा जगत नाही. हा भीतीने जगला असेल. साहेबाला पिशवीत घालून नेलं. नव्या टाकीत साहेब पोहला, चिमट्याने दिलेलं खाल्लं. मला रडू आलं. वाटलं, सुटलो.

जाताना तो माणूस आपला उजवा हात डाव्याने चोळत होता. टब आजच्या आज रिकामा करा म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

वहिनीने माझे पाय धरले. वयाने मोठी, माझे पाय धरते. सोडू नका पाणी, वन्सं. तो पुन्हा गार पडेल. तुमचाच भाऊ ना तो?

उद्या सोडते म्हटलं. एका रात्रीचा प्रश्न. तिला जवळ घेऊन झोपेन, किल्ली उशीखाली.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी दहा. वहिनी ३३.४. बोलता बोलता थांबते. डॉक्टरांना फोन केला. गाडी पाठवतात, पाऊण तास लागेल. दोन रजया, चार गरम बाटल्या. तिच्या अंगाला लावलेली बाटली पाच मिनिटांत गार. घड्याळ लावून पाहिलं.

टबात मासा नाही. हीटर नाही. पाणी ३६.

सव्वादहा. ३२.९. गाडी येईपर्यंत ती— नाही. पाणी सोडते. दादा, माफ कर. बुचाला साखळी नाही. हात घालावा लागेल.

साडेदहा. डावा हात आत. उजव्याने लिहिते, वही काठावर. बूच ओढलं. ते माझ्यासमोर तरंगतं आहे. पाणी उतरत नाही. भोकापाशी हात नेला, तर कोणीतरी मनगट धरलं. आवळलं नाही. दोन्ही हातांत घेतलं, हलकेच. पाणी इतकं कोमट आणि ती बोटं—

ओढून पाहिलं. येत नाही हात.

पावणेअकरा. पलीकडून वहिनीचा आवाज. वन्सं, उकडतंय मला, रजई काढू? पहिल्यांदा नीट आवाज. काढ म्हटलं. मोजून सांग म्हटलं. ३५ म्हणाली. मग ३५.८.

कळलं मला.

खांद्यापर्यंत आत. अक्षर वाकडं येतं आहे. दार पायाने ढकललं, आतली कडी उजव्या हाताला पुरली. लावली.

गाडी आली. घंटा. वहिनी स्वतः उठून गेली, पावलं वाजली. तिकडे कोणाला तरी हसून म्हणते आहे, पेशंट मीच, पण मला तर भूक लागलीय. आता हाका मारते आहे. उत्तर देता येत नाही, दात वाजतात.

वहिनी, दार तोडतील. तू पुढे होऊ नकोस. मला काढायला पाण्यात हात घालू नकोस, कोणालाच घालू देऊ नकोस. मी त्याला सोड म्हणते आहे. ऐकतो तो माझं, लहानपणापासून. सोडतो म्हणतो, फक्त आधी