सात नंबरचे सहा कॉलम

७ जानेवारी, मंगळवार

रिंगा कमी आहेत. कॉलमच्या उभ्या सळयांना कवळून ठेवणाऱ्या आडव्या रिंगा सहा-सहा इंचांवर हव्यात, आहेत फुटाफुटावर. एका कॉलमला तर सव्वा फूट. टेप लावून फोटो काढले. इंजिनिअरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हेच करतेय — लोकांची घरं बांधली जात असताना घेणाऱ्याच्या बाजूनं तपासायची. पण आज प्रत्येक अंतर दोनदा मोजलं. बारा घरांच्या या रांगेतलं सात नंबर माझ्या लेकीचं आहे.

सुपरवायझरला दाखवलं. "मॅडम, उद्या वाढवतो रिंगा. काँक्रीट परवा आहे." या माणसाचं सगळंच उद्या. मी मनात त्याचं नाव उद्याराव ठेवलंय.

८ जानेवारी

साडेआठला पोचले तर सहाही कॉलम भरून झालेले. फळ्यांच्या फटींतून पाणी ठिबकत होतं.

"गाडी आजच आली. सहालाच ओतून घेतलं," उद्याराव म्हणाला.

"आणि रिंगा?"

"लावल्या की."

सांगताना तो माझ्या चपलांकडे बघत होता. सहाच्या आधी, अंधारात, साठ-सत्तर रिंगा कोण बांधणार? तिथेच वाळूच्या ढिगाजवळ उभी राहिले. ओतलेलं काँक्रीट परत निघत नाही. चौतीस वर्षं हे दुसऱ्यांना सांगत आले.

९ जानेवारी

अहवाल लिहिला. तीन पानं, अकरा फोटो. लेकीनं सही करून बिल्डरच्या ऑफिसात नेऊन दिला.

१८ जानेवारी

उत्तर आलं. एक ओळ. 'काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे.' मंजूर नकाशात सहा इंचच लिहिलंय! नकाशा माझ्या टेबलावर आहे. पण कॉलमच्या पोटात शिरून कोण बघणार? सळया शोधायचं यंत्र बाहेरून लावलं की कळतं, म्हणून ते मागवून घेतलं आणि साइटवर गेले. फाटकावरच अडवलं. वॉचमननं बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला आत सोडू नका असं वरून सांगितलंय. मी काय करू?"

खरंच, तो काय करणार. थोडा वेळ बसले. रांगेतल्या दोन घरांचे कॉलम अजून उघडे होते, ते फाटकातून दिसले. तिथेही फुटाफुटावरच. एकच बांधणारा, एकच हात.

२२ जानेवारी

परवानगी देणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. साहेब भले वाटले. फोटो शेवटपर्यंत बघितले. मग म्हणाले, "बाई, हे फोटो त्याच कॉलमचे कशावरून?" मग म्हणाले, पूर्णत्वाचा दाखला मागायला बिल्डर येईल तेव्हा बघू. दाखल्याला रंगवलेलं घर बघतात. रंगाखालचं कोण बघतं.

२ फेब्रुवारी

लेकीकडे जेवायला गेले. सातवा महिना आहे, पाय सुजलेत. जावई आधी शांतपणे बोलत होते.

"आई, एवढी घरं उभी आहेत गावात. सगळी काय तुम्ही तपासलीत?"

मी म्हटलं, रोजच्या भाराला उभं राहील. दहा वर्षं, वीस वर्षंही. पण जमीन थोडी जरी हलली, तर रिंगा नसलेली सळई काडीसारखी वाकते.

ते ताट सरकवून उठले. "हे भाड्याचं घर एप्रिलमध्ये सोडायचंय. बाळ एप्रिलमध्ये. सगळं त्या सात नंबरमध्ये घालून बसलोय. तुम्ही दोष सांगता, पण मी करू काय ते सांगता का?"

ताबा घेतल्यावर आपण कॉलम मजबूत करून घेऊ म्हणावं, तर ते आम्हा तिघांच्या ऐपतीबाहेरचं काम. करार मोडावा, तर राहायचं कुठे?

निघताना लेक दारापर्यंत आली. "आई, पुरे आता. मला झोप लागत नाही."

आपण तिला नक्की काय दिलं? घर तर नाहीच, वर घोर.

१५ फेब्रुवारी

पाच नंबर घेतलेल्या मास्तरीणबाईंचा फोन. लेकीकडून त्यांच्या कानावर गेलंय. एकट्या आहेत, अंथरुणावरच्या वडिलांना घेऊन तिथे राहायला यायच्यात. त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना गोळा केलं आणि बिल्डरला कळवलं, की बाहेरच्या माणसाकडून तपासणी झाल्याशिवाय कोणी ताबा घेणार नाही.

मला इतकं बरं वाटलं की दुपारी गाढ झोपले.

२८ फेब्रुवारी

गिलावा सुरू झाला म्हणे. सगळ्या बाराही घरांना एकदम. चाळीस माणसं लावलीत.

५ मार्च

बिल्डरनं स्वतः बोलावलं. पहिल्यांदाच भेटले. वाटलं होतं खेकसेल. उठून उभा राहिला, पंखा माझ्याकडे वळवला.

म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर होतं. माणसांनी घाई केली. सात नंबरचा गिलावा फोडतो. सहाही कॉलमना बाहेरून नव्या सळया, नव्या रिंगा, चार इंच काँक्रीट. तुम्ही उभं राहून करून घ्या. महिन्यात घर तयार."

माझा विश्वास बसेना. मी विचारलं, आणि बाकीची अकरा?

"बाकीच्यांना बाहेरच्या माणसाची तपासणी हवीय. त्यांना तुमच्याशिवाय दुसरं कोणी चालत नाही. काम ठीक आहे अशा अकरा अहवालांवर तुमची सही द्या. अकराही घरं फोडायची म्हटली तर मी बुडालो. मी बुडालो तर सात नंबरही तसंच राहील."

आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. सांगत होता ते बहुधा खरंच होतं. हेच जास्त वाईट.

६ मार्च

कोणाला सांगू? लेकीला सांगितलं तर ती नको म्हणेल आणि त्याच घरात राहायला जाईल. जावयांना सांगितलं तर ते हो म्हणतील, आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे कसे बघणार?

८ मार्च

मास्तरीणबाई घरी आल्या. बिल्डरनं तुमचं नाव मान्य केलं म्हणून आनंदात होत्या. वडिलांची खाट कुठल्या भिंतीला लावायची याचा कागद दाखवला. म्हणाल्या, "तुम्ही बघताय म्हटल्यावर आम्ही निर्धास्त."

मी चहा केला. साखर घालायला विसरले. त्यांनी तसाच प्यायला.

१० मार्च

लेकीला दवाखान्यात नेलं. रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याला ताण नको, एप्रिलची वाट बघावी लागेल असं वाटत नाही. ती खाटेवर पडून छताकडे बघत होती. मी विचारलं, काय बघतेस?

"तुझ्यामुळे सवय लागलीये," ती म्हणाली.

१२ मार्च

सात नंबरचा गिलावा आज फोडायला घेतला.

अकरा कागदांवर सह्या केल्या. पाच नंबरच्या कागदावर सही जरा वाकडी आली, म्हणून दुसरा कागद मागून घेतला आणि पुन्हा नीट केली.