आय जेलस हर

बाबा, काल तुमची ती फुलवाल्यांची पोरगी घरी आली होती. पोरगी कसली, केस पिकलेत तिचे, अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. पिशवीतून तुमची जुनी डिक्शनरी काढून टेबलावर ठेवली न म्हणाली, "ताई, सरांची वस्तू आहे. सर गेले, आता तुमच्यापाशी राहू द्या." मी चहा ठेवायला आत गेले आणि साखर दोनदा टाकली.

अकोटचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी नववीत. तुम्ही पाटावर बसून वर्गाच्या वह्या तपासताय. त्याच आठवड्यात तुम्ही ती डिक्शनरी तिला देऊन टाकली होती, मला एका शब्दानं न विचारता. मी रागानं वहीत लिहिलं होतं, 'आय जेलस हर.' तुम्हाला काही वाटलं? छे! लाल पेनानं गोल केला. "ॲम कुठी गेला? बैलानं खाल्ला काय? जेलस विशेषण आहे, ते एकटं उभं राहत नाही. एन्व्ही लिही. ते नाम बी आहे न क्रियापद बी. आपल्यात मले हेवा वाटते, म्हणजे आपोआप वाटते. इंग्रजीत आय एन्व्ही, म्हणजे तूच करून राहिली."

आई चुलीपासून ओरडली, "पोरगी रडून राहिली न तुमी काहून व्याकरण सांगून राहिले?"

तुम्ही पेन खाली ठेवलं, तेही समजवायलाच. "दुसऱ्याजवळचं पाहून जीव जळते, ते एन्व्ही. आपलं कोणी नेईन म्हणून जळते, ते जेलस. तुयं कोणतं?"

"एन्व्ही," मी म्हटलं. "मले डिक्शनरी पायजे होती." उत्तर आलं म्हणून तुम्ही खूश झालात, अमरावतीहून नवी कोरी आणून दिलीत. मी ती कधी उघडली नाही.

काल ती कौतुकानं सांगत होती, "सर मले रोज एक नवा शब्द देत." रोज! मला लाल गोल मिळायचे. जळला मेला तो शब्द, असं तोंडावर आलं होतं, चहाबरोबर गिळलं.

ती गेल्यापासून डिक्शनरी टेबलावरच आहे. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात तिचं नाव असेल, म्हणून हात लावला नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले, बाबा. मले डिक्शनरी नोती पायजे. तुमी माये होते. हे पत्र कुठं धाडायचं नाही, फक्त ते वाक्य दुरुस्त करून ठेवते. आय ॲम जेलस. वॉज नाही, ॲम.